कळसूबाई सगळ्यात उंच, मग तिथे किल्ला का नाही?

रानवाट

नमस्कार मंडळी. हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे आणि ग्रुपवर कुणाला विचारलं की जो तो वेगळंच सांगतो, म्हणून इथे टाकतोय.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. वर उभं राहून बघाल तिकडे किल्ले. पश्चिमेला अलंग मदन कुलंग, दक्षिणेला रतनगड आणि त्याच्याही मागे हरिश्चंद्रगड, पूर्वेकडे बितनगड पट्टा औंढा. एवढा सगळा मुलूख किल्ल्यांनी भरलाय आणि नेमका मधला सगळ्यात उंच डोंगर तेवढा मोकळा सोडलाय. तट नाही, बुरूज नाही, खोदलेलं टाकं नाही, फक्त देवीचं छोटं देऊळ. असं का? उंचीवरून टेहळणी करायला याच्यापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार होती?

आणि जोडीला दोन छोट्या शंका. कळसूबाई आख्ख्या सह्याद्रीत सगळ्यात उंच आहे की फक्त महाराष्ट्रात? आणि डोंगर नक्की नगरचा की नाशिकचा, कारण दोन्हीकडचे लोक आमचा म्हणून सांगतात.

कातळकडा

छान प्रश्न आहे, आणि याचं उत्तर वर गेलं की पायाखालीच मिळतं. शेवटची शिडी चढून आलात की देवळाभोवती जागा किती उरते बघा. जत्रेच्या दिवशी माणसं खेटून उभी असतात. किल्ला म्हणजे नुसता माथा नव्हे हो, तिथे शिबंदी म्हणजे गडावरची फौज राहायला हवी, त्यांचं धान्य, दारूगोळा, जनावरं, आणि सगळ्यात आधी पाणी. कळसूबाईला यातलं काहीच धड मिळत नाही. शेवटच्या टप्प्याच्या खाली एक विहीर आहे, तिचं पाणी आजही लोक पितात, पण ती माथ्याच्या खाली आहे. म्हणजे वेढा पडला की पाणी शत्रूच्या हातात आणि तुम्ही वर कोरडे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, गड कसा बांधावा यावर अख्खं प्रकरण आहे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात पहिली अटच ही आहे की आधी पाणी बघा मग किल्ला बांधा, आणि पाणी नसलेल्या जागी बांधायची वेळच आली तर खडक फोडून तळी टाकी अशी करा की पुढच्या पावसाळ्यापर्यंत सगळ्या गडाला पुरेल. आता ही टाकी खोदायला सपाट कातळ लागतो, आणि वरचं पावसाचं पाणी वाहून त्यात यायला आजूबाजूला उतार असलेलं पठार लागतं. कुलंगवर जाऊन बघा, एकाला लागून एक अशी टाकी ओळीने खोदलेली आहेत. अलंगचा माथा तर चांगला ऐसपैस आहे, वाड्यांचे अवशेष आहेत, टाक्यांचे समूह आहेत. कळसूबाईचा माथा निमुळता, पाणी चारी बाजूंनी खाली जातं, साठवणार कुठे?

दुसरं म्हणजे उभा कडा. अलंग मदन कुलंग तिन्ही वरून कापल्यासारखे आहेत, वर जायच्या एक दोन वाटा आणि त्या पण कातळात खोदलेल्या पायऱ्यांच्या. पायऱ्यांच्या तोंडावर दरवाजा बसवला की मूठभर माणसं गड राखू शकतात. १८१८ मध्ये इंग्रजांनी अलंग आणि मदनच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या त्या याच कारणाने, वाट गेली की गड गेला. आजही तिथे दोर लावून चढावं लागतं. कळसूबाईला मात्र सोंडांवर सोंडा आहेत, बारीकडून वाट, इंदोरेकडून वाट, मध्ये जिथे कातळटप्पे येतात तिथे आज शिड्या लावल्यात म्हणून आपल्याला ते अवघड वाटतात, पण गडाला लागतो तसा सलग कडा सगळ्या बाजूंनी नाही. तट बांधायचा म्हटला तर बांधणार किती आणि कुठून कुठे.

तिसरं, किल्ला उंची बघून बांधत नाहीत, वाट बघून बांधतात. कुलंग, अलंग, रतनगड हे घाटमाथ्याच्या जवळ आहेत, खाली कोकण दिसतं, कोकणातून वर येणाऱ्या वाटांवर नजर राहते. कळसूबाई मुख्य रांगेतून पूर्वेला फुटलेल्या फाट्यावर आहे.

प्रवराकाठची

मी अकोले तालुक्यातली, त्यामुळे नगर की नाशिक याचं उत्तर देते. दोन्ही. शिखरावरूनच हद्द जाते, दक्षिणेकडचा उतार अकोले तालुका म्हणजे अहमदनगर, आता अहिल्यानगर जिल्हा, आणि उत्तरेकडचा उतार इगतपुरी तालुका, जिल्हा नाशिक. बारी गाव आमच्याकडे, त्यामुळे बहुतेक सगळे इथूनच चढतात. इंदोरे नाशिककडे. भांडण्यासारखं काही नाही त्यात, देवी दोन्हीकडच्यांची आहे.

पाण्याचं पण तसंच आहे आणि मला ते फार आवडतं. उत्तरेकडे पडलेला पाऊस दारणेला जातो, दक्षिणेचा प्रवरेला. दारणा लवकरच गोदावरीला मिळते आणि पुढे नाशिक जिल्हा ओलांडून जाते. प्रवरा रतनगडाच्या कुशीतून निघते, भंडारदऱ्याच्या धरणात थांबते (१९२६ चं विल्सन धरण, वरून जो मोठा जलाशय दिसतो तो याचाच), तिथून अकोले संगमनेर करत करत टोक्याला, प्रवरासंगमाजवळ गोदावरीत शिरते. म्हणजे एकाच शिखराच्या दोन उतारांवरचं पाणी दोन नद्यांनी जाऊन शेवटी जायकवाडीच्या पाण्यात एक होतं. भंडारदरा आणि जायकवाडी या धरणांच्या पाण्यावरून दर दुष्काळात वाद होतात तेव्हा मला हेच आठवतं.

आता किल्ल्याबद्दल. वरच्या दादांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली. तो डोंगर रिकामा सोडलेला नाही, तो देवीचा आहे. आमच्याकडे गोष्ट सांगतात ती अशी, कळसू नावाची महादेव कोळ्यांची मुलगी इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, पण राहताना तिने अट घातली की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, बाकी सगळं करीन. एकदा घरी पाहुणे फार आले आणि तिला ही दोन्ही कामं करायला लावली. तिने केली, आणि मग डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. जिथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि जिथे केर टाकला तो काळदरा, या जागा अजून दाखवतात. नवरात्रात नऊ दिवस वर गर्दी असते, बारीतली आणि आसपासची म्हातारी माणसं अनवाणी चढतात, ट्रेकिंगचे बूट घालून धापा टाकणाऱ्यांच्या शेजारून.

आणि त्या किल्ल्यांवर राहायचं कोण? याच भागातले महादेव कोळी. किल्ल्यांच्या शिबंदीत त्यांच्या नोकऱ्या होत्या, वतनं होती. १८१८ नंतर इंग्रजांनी किल्ले निकामी केले, शिबंद्या मोडल्या, आणि ही सगळी माणसं एकदम उघड्यावर आली. त्यानंतर या डोंगरांत बंडं पेटली त्याचं एक मोठं कारण हे आहे. रामजी भांगरे आणि मग त्यांचा मुलगा राघोजी भांगरे, आमच्याच तालुक्यातल्या देवगावचे. सावकार आणि इंग्रज दोघांच्या विरोधात राघोजी लढले, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. तेव्हा यांच्याकडे दरवाजा बुरूज असलेला एकही गड नव्हता, हेच डोंगर आणि हीच जंगलं होती. त्यामुळे कळसूबाईवर तट नाही म्हणजे तिला इतिहास नाही असं कुणी म्हटलं की मला पटत नाही.

दगडवाला

उंचीच्या शंकेचं उत्तर. महाराष्ट्रात कळसूबाई पहिली, १६४६ मीटर म्हणजे ५४०० फूट. दुसरा साल्हेर १५६७ मीटर. पण सह्याद्री म्हणजे पूर्ण पश्चिम घाट धरला तर सगळ्यात उंच केरळातलं अनामुडी, २६९५ मीटर. फरक हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे सोशल मीडियावर सह्याद्रीतलं सर्वोच्च शिखर कळसूबाई असं फिरतं ते महाराष्ट्रापुरतंच खरं.

एक गोष्ट लक्षात घ्या, डोंगरांची उंची फुटात मोजून त्यांचा पहिला दुसरा नंबर लावणं हे इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्व्हेनंतरचं, एकोणिसाव्या शतकातलं काम आहे. सतराव्या शतकातल्या किल्लेदाराच्या हातात १६४६ हा आकडा नव्हता. त्याला डोंगर उंच दिसत होता, पण सगळ्यात उंच म्हणून तो त्याला वेगळं काही मोल देणार नव्हता. तुमचा प्रश्न आजच्या नकाशावरून पडलेला आहे, त्यांच्या डोक्यात वाट, पाणी आणि कडा हेच होतं.

आता दगडाचं थोडं सांगतो, कारण कडा का आहे आणि का नाही हे शेवटी दगडच ठरवतो. हा सगळा दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा येत राहिला आणि थरावर थर बसत गेले. काही थर घट्ट, एकसंध, ते झिजताना उभे तुटतात आणि त्यांचा कडा होतो. काही थरात वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात, ते लवकर कुजतात आणि त्यांचा उतार होतो, त्यावर माती धरते, गवत येतं. दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो वरचा लाव्हा यायच्या आधीचा कुजलेला पृष्ठभाग. बारीकडून चढताना उतार, मग कातळटप्पा आणि शिडी, मग परत उतार असं जे येत राहतं ते हेच थर आहेत. जिथे वरचा घट्ट थर बऱ्यापैकी रुंद टिकला तिथे कुलंग अलंगसारखा सपाट माथा आणि खाली उभा कडा मिळाला. कळसूबाईला तो थर झिजून झिजून टोकाशी एवढासाच उरलाय.

आणि भूशास्त्रात कळसूबाईचं नाव फार मोठं आहे हे ट्रेकर मंडळींना सहसा माहीत नसतं. पश्चिमेकडच्या लाव्हाथरांचे जे तीन मोठे गट पाडतात त्यातल्या सगळ्यात खालच्या, म्हणजे सगळ्यात जुन्या गटाचं नाव कळसूबाई उपगट. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर हे त्यातले भाग. त्यावर लोणावळा उपगट आणि त्यावर वाई उपगट, ज्यात महाबळेश्वरचे थर येतात. म्हणजे महाबळेश्वर उंचीने कमी, १४३८ मीटर, पण तिथला दगड वयाने नंतरचा, आणि कळसूबाई उंच असून दगड आधीचा. कारण हे सगळे थर दक्षिणेकडे अगदी हळूहळू कलत गेलेत, त्यामुळे उत्तरेला जे थर डोंगराच्या माथ्यावर आहेत ते दक्षिणेला जात जात जमिनीखाली जातात. मला विचाराल तर कळसूबाईबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात भारी गोष्ट ही आहे, उंचीच्या आकड्यापेक्षाही.

कसारा घाटात थांबायला सुरक्षित जागा मिळाली तर कापलेला दगड जवळून बघा. काही थरात काळ्या दगडात पांढरट लांबट स्फटिक विखुरलेले असतात, काही तर बोटाच्या पेराएवढे, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ते प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज. लाव्हा वर यायच्या आधी खाली बराच काळ साठून राहिला, म्हणून एवढे मोठे वाढले. याच उपगटाची ही ओळख आहे.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. कातळकडा दादा, एक अडलंय. त्याच आज्ञापत्रात असंही आहे ना की गडाजवळ गडापेक्षा उंच डोंगर असू नये, असला तर सुरुंग लावून पाडावा आणि ते जमत नसेल तर तोही बांधून घ्यावा, मोकळा सोडू नये. मग अलंगच्या शेजारी त्याच्याहून उंच कळसूबाई मोकळी कशी सोडली?

आणि साल्हेर पण शेंड्याला निमुळताच आहे फोटोत, वर परशुरामाचं देऊळ, अगदी कळसूबाईसारखं. मग तिथे किल्ला झाला आणि इथे नाही असं का?

कातळकडा

बरोबर वाचलंत, तसंच आहे. पण त्या अटीमागे कारण तोफेचं आहे. शेजारच्या उंच जागेवर शत्रूने तोफ चढवली तर तो गडावर मारा करेल, म्हणून ती जागा आपल्या ताब्यात हवी. कळसूबाई ते अलंग सरळ रेषेत पाचेक किलोमीटर आहे, मध्ये खोल दऱ्या. त्या काळच्या तोफेचा मारा एवढा पोचतच नव्हता. त्यामुळे कळसूबाई उंच असली तरी अलंगला तिचा धोका नाही. शेजारच्या डोंगरावरच्या तोफा किती घातक ठरतात ते बघायचं तर पुरंदरजवळचा वज्रगड बघा, १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी तो घेतला, तिथे तोफा चढवल्या आणि पुरंदर अडचणीत आला.

साल्हेरचं मात्र नीट सांगायला हवं, कारण फोटोत फसायला होतं. जो सुळका दिसतो तो परशुरामाचा, तो किल्ल्याचा फक्त शेंडा आहे. त्याच्या खाली मोठं पठार आहे आणि खरा किल्ला तिथे आहे. गंगासागर तलाव, टाकी, सुळक्याच्या पोटात खोदलेल्या गुहा, वाड्यांची जोती, आणि वर येणाऱ्या वाटांवर एकामागून एक दरवाजे, पायऱ्या कातळात. सुळका काढून टाकला तरी साल्हेर किल्लाच राहतो. कळसूबाईचा माथा काढला तर खाली अशी मांडी घालून बसायला पठार नाहीच.

आणि जागा. साल्हेर बागलाणात, गुजरातच्या हद्दीला लागून. सुरतेहून वर खानदेशात आणि बऱ्हाणपुराकडे जाणारा माल या पट्ट्यातून जायचा, म्हणून मुल्हेरच्या बागुल राजांना आणि नंतर मुघलांना तो हवा होता. १६३८ मध्ये बागलाण मुघलांकडे गेलं. १६७० च्या ऑक्टोबरात महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत मारली, परत येताना बागलाणातूनच आले, दिंडोरीजवळ मुघल सरदार दाऊदखानाशी लढाई झाली, आणि १६७१ च्या सुरुवातीला साल्हेर स्वराज्यात आला. मुघलांनी तो परत घ्यायला वेढा घातला, तो फोडायला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी आले, आणि फेब्रुवारी १६७२ मध्ये गडाच्या पायथ्याला मोकळ्या मैदानात जी लढाई झाली ती मराठ्यांनी जिंकली. मुघल सरदार इखलासखान पकडला गेला. आपल्याकडचे सूर्यराव काकडे पडले. तोवर मराठे डोंगराच्या आडोशाने लढतात असंच मुघल समजून होते, समोरासमोर एवढ्या मोठ्या फौजेला हरवल्याची ही पहिली मोठी लढाई मानतात. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात साल्हेर आहे, आणि माझ्या मते तो आधीच सगळ्यांच्या तोंडी असायला हवा होता, रायगड प्रतापगडाएवढा. पायथ्याला ती रणभूमी शेतं होऊन पडलीय, बहुतेक लोक गड बघून तसेच निघून जातात.

प्रवराकाठची

साल्हेरच्या रणभूमीचं अगदी खरं.

कळसूबाईच्या टेहळणीबद्दल पण सांगते, कारण मूळ प्रश्नात ते होतं. पावसाळ्यात आणि नंतरही बरेच दिवस वर धुकं असतं, हात लांब केला तर हात दिसत नाही अशी अवस्था. हवा स्वच्छ असते ती साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी. तेव्हा उत्तरेला सप्तशृंग आणि मार्कंड्यापर्यंत ओळखता येतं, म्हणजे नजर फार लांब जाते हे खरं. पण बारा महिने माणूस तिथे ठेवायचा तर त्याला काय खायला प्यायला द्यायचं हा प्रश्न राहतोच, आणि पट्ट्यावर किंवा अलंगवर बसलेल्या माणसाला पाहिजे ते सगळं तिथूनही दिसतं.

रानवाट

आता डोक्यात बसलं. मुलाला घेऊन जायचंय, तो सातवीत आहे आणि त्याला किल्लाच बघायचाय. कळसूबाई आणि जोडीला एखादा गड एकाच सुट्टीत होईल का? साल्हेर जमेल?

कातळकडा

साल्हेर नको एका दमात, तो पार सटाणा ताहाराबादच्या पुढे, त्याला वेगळी सुट्टी द्या. कळसूबाईच्या जोडीला पट्टा करा. त्याच रांगेत आहे, पट्टावाडीपर्यंत गाडी जाते, चढण मुलाला सहज झेपेल. १६७९ मध्ये जालना मारून येताना मुघल फौज मागे लागली तेव्हा बहिर्जी नाईकांनी आडवाटेने महाराजांना इथेच आणलं होतं, म्हणून त्याला विश्रामगड पण म्हणतात. वर रुंद माथा, अंबरखान्याची म्हणजे धान्यकोठाराची इमारत उभी आहे, टाकी आहेत, दरवाजा आहे. आदल्या दिवशी कळसूबाई झाली असेल तर फरक मुलाला सांगावाच लागणार नाही. बारीहून पहाटे लवकर निघा, उन्हाच्या आत वर पोचाल, पाणी खालूनच भरून घ्या. पट्ट्याच्या आसपासच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, कळसूबाईवरून पूर्वेला त्या दिसल्या की पट्टा तिथेच समजा.